मैनाबाईनं विचारलं

चारुशीला अकोल्याच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला आली ती अठ्ठावन्न सालच्या जूनमध्ये, आणि पुढच्या चार वर्षांत तिच्याबद्दल तक्रार करायला कुणाला जागा मिळाली नाही. मस्टरवर तिच्या नावापुढे लाल रेघ कधी आली नाही. वह्या तपासून ज्या दिवशी देईन म्हणाली त्या दिवशी द्यायची. फळ्यावर नकाशा हातानं काढायची आणि खडूची रेघ कुठं हलायची नाही. ओरडायची नाही, मारायची तर नाहीच. मुख्याध्यापिका पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या चारुशीलाबाई म्हणजे अगदी शांत."

शांत हा शब्द काही बरोबर नव्हता, पण दुसरा कुणाकडं नव्हता. तिच्याकडंही नव्हता. फार वेळ मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या येतात, आणि मग एक क्षण असा येतो की पाय आपला आहे हेच कळत नाही. हातानं उचलून बाजूला ठेवावा लागतो. ती रोज सकाळी स्वतःला तसं उचलून शाळेत नेऊन ठेवत असे. शिक्षकांच्या खोलीत कुणी विनोद केला की ती आधी बाकीच्यांकडं बघायची आणि ते हसले की हसायची. एका श्वासाचा उशीर व्हायचा. कुणाच्या लक्षात यायचं नाही.

जठारपेठेत तिनं खोली घेतली होती. घर मैनाबाईचं. मैनाबाई पन्नाशीची कुणब्याची विधवा. बोरगावकडं तिची काळी जमीन होती, ती दीर जानराव कसायचा. दोन्ही लेकी सासरी गेल्यावर बाई शहरातल्या या तीन खोल्यांच्या घरात एकटीच राहायची आणि पुढची खोली भाड्यानं द्यायची. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं होतं, "आमच्या हातचं चालते काय तुमाले? का सोवळं-ओवळं हाय?"

"चालतं," चारुशीला म्हणाली.

"मंग आज चूल नका पेटवू. भाकर अन् अंबाडीची भाजी हाय."

चारुशीलानं ती भाकरी खाल्ली, ताट घासून परत दिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःचा स्टोव्ह पेटवला. मैनाबाई नंतरही काहीबाही आणून द्यायची. चारुशीला ते घ्यायची आणि वाटी परत करताना तिच्यात साखर घालून द्यायची. साखर काही मैनाबाईला नको होती, पण बाई मुकाट घ्यायची.

शाळेत तिच्याशी मैत्री करायचा हट्ट धरला तो रमानं. रमा शिवण शिकवायची. गोल चेहऱ्याची, नवऱ्यापासून सासूपर्यंत सगळ्यांच्या नकला करणारी बाई. तिनं चारुशीलाला हळदीकुंकवाला बोलावलं, थोरल्याच्या मुंजीला बोलावलं, डब्यातलं वांग्याचं भरीत जबरदस्तीनं वाढलं. चारुशीला बोलावलं तिथं जायची. दाराजवळची जागा धरून बसायची, आणि उठायची वेळ झाली की सगळ्यात आधी उठायची. साठ सालच्या पावसाळ्यात रमाला टायफॉइड झाला. महिनाभर ती खाटेवर होती. त्या महिन्यात रमाचे सगळे तास चारुशीलानं घेतले, स्वतःला येत नसलेलं शिवण पुस्तकात बघून शिकवलं. पण रमाच्या घरी एकदाही गेली नाही. घर शाळेपासून दहा मिनिटांवर होतं.

रमा बरी होऊन आली, केस गळालेले, पदर डोक्यावरून घेतलेला. तिनं विचारलं, "चारू, तू का नाही गं आलीस?"

चारुशीलाला खोटं कारणही सुचलं नाही. रमानं थोडा वेळ वाट बघितली आणि शिवणाचं कपाट उघडलं. त्या दिवसापासून डबा वेगवेगळा झाला.

*

चारुशीलाची आई ती सहा वर्षांची असताना गेली, वडील त्याआधीच. अमरावतीच्या कमलाकांतकाकांनी तिला घरी आणलं. काका नावाजलेले वकील. घर अंबादेवीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. "पुतणीला पोटच्या पोरीसारखं वाढवलं हो," असं गाव म्हणायचं, आणि गावाचं खोटं नव्हतं. चांगले कपडे, चांगली शाळा, पुढं कॉलेजही.

काका कोर्टातून आले की चहा व्हायचा आणि मग ते बैठकीत बसून हाक मारायचे, "जवळ ये, बाळ." आवाज फार मऊ असायचा. गीतेचा अध्याय म्हणून घ्यायचे. बरोबर झाला तर पेढा. चुकला तर शिसवी रूळ. त्यांना राग म्हणून यायचा नाही. चेहरा तसाच राहायचा, आवाजही तसाच. किती चुका झाल्या ते ते हळू आवाजात सांगायचे आणि तेवढेच रूळ मारायचे. हात मागं घेतला की पहिल्यापासून. रडलं की कोठीच्या खोलीत, ज्वारीच्या कणग्यांमध्ये, कधी संध्याकाळपर्यंत, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. काकू, गोदावरीकाकू, त्या वेळी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची.

नवव्या वर्षी उजव्या हाताचं एक बोट मोडलं. वैद्यांना सांगितलं, दारात सापडलं. ते बोट वाकडंच सांधलं.

पुढं पुढं चारुशीला चुकेनाशी झाली. रूळ थांबला. पण "जवळ ये" हे शब्द कुणीही, कुठंही उच्चारले की तिच्या अंगातून सगळं निघून जायचं. मग एक दिवस ते गेलेलं परत आलंच नाही, आणि ते नेमकं कधी, हे तिला सांगता आलं नसतं.

*

बासष्ट सालच्या फेब्रुवारीत काकांच्या साठीचा सत्कार अमरावतीला झाला. पत्र आलं: तू घरची मुलगी, दोन शब्द बोलायला हवेत. तिनं दोन दिवसांची रजा टाकली, पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरली आणि टांग्यानं घरी गेली.

समारंभ मोठा झाला. वकील मंडळी, संस्थांचे चालक, हार, शाल. चारुशीला व्यासपीठावर उभी राहिली आणि काकांनी आपल्याला कसं घडवलं ते सात मिनिटं बोलली. एकही शब्द अडला नाही. टाळ्या पडल्या. काका खुर्चीतून म्हणाले, "जवळ ये, बाळ," आणि तिनं वाकून नमस्कार केला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पहिल्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळे पुसले.

रात्रीच्या पंगतीआधी ती स्वयंपाकघरात लाडू वळायला बसली. शेजारी गोदावरीकाकू. काकू आता थकली होती. वळता वळता तिनं चारुशीलाच्या हाताकडं बघितलं आणि म्हणाली, "ते बोट वाकडंच राहिलं की गं."

"हो."

"त्यामुळं लाडू नीट वळला जात नाही तुला. दे इकडं."

काकूनं तिच्या हातातला लाडू घेतला, नीट वळून परातीत ठेवला. बस्स, एवढंच झालं. परतीच्या गाडीत चारुशीला खिडकीशी बसली होती. मूर्तिजापूर गेलं, कापूस वेचून झालेली उघडी शेतं मागं पडत गेली, आणि तिच्या मनात आलं की आता पुरे. विचार आला तो कुणी शेजारी येऊन बसावं तसा. भीती वाटली नाही, दुःखही नाही. कसं आणि कधी, तेही अकोला येईपर्यंत ठरलं. ते इथं सांगायची गरज नाही. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून गुणपत्रकं भरून द्यायची, मुलींचा निकाल अडकता कामा नये, त्यानंतर.

*

मार्च आणि अर्धा एप्रिल ती बरी दिसत होती. सगळ्यांनीच नंतर हे सांगितलं. जरा जास्त बोलायची, झोपही लागायची. आणि ती वस्तू देऊ लागली. मनगटी घड्याळ रमाच्या टेबलावर ठेवलं. म्हणाली, मला हे सैल होतं. रमा चकित झाली, पण दीड वर्षांनी मैत्रीण पुन्हा बोलली म्हणून तिनं ते घेतलं. लोकरीची शाल शाळेच्या शिपाईणीला, सुंदराबाईला दिली. नकाशांची पुस्तकं वाचनालयाला. शेवटी आईचा तांब्याचा हंडा तिनं चिंचेनं घासून लख्ख केला आणि मैनाबाईच्या दारात नेऊन ठेवला.

"हे कायले व?" मैनाबाई म्हणाली.

"मला बदली मिळतेय. कुठं ओझं नेऊ?"

"कोठी बदली?"

"चांदूरला."

मैनाबाईनं हंड्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि हंडा उचलून आत ठेवला. दुसऱ्या दिवशी मात्र ती भर उन्हाची डोक्यावर पदर घेऊन शाळेत गेली. सुंदराबाईला गाठलं. बदलीचं कुणी काही ऐकलेलं नव्हतं. सुंदराबाईनं उलट शालीचं सांगितलं, आणि शिवणाच्या बाईला दिलेल्या घड्याळाचं.

त्या दुपारी चारुशीला शेवटचा गठ्ठा तपासून बसली होती. सातवीचा. गुणांची बेरीज दोनदा करून झाली होती. दारात मैनाबाई आली. चप्पल काढली, आत येऊन दोन पावलं टाकली, आणि कसलीही प्रस्तावना न करता तिनं विचारलं,

"पोरी, मराचं हाय काय तुले?"

बाहेर कुठंतरी कापसाच्या जिनिंगचा भोंगा वाजला. चारुशीलानं पेन्सिल खाली ठेवली. या प्रश्नाला नाही म्हणणं किती सोपं होतं. तिनं आयुष्यभर याहून अवघड गोष्टी न अडखळता म्हटल्या होत्या. पण तिला असं कुणी विचारेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं, म्हणून त्याचं उत्तर तयार नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

मैनाबाई पुढं झाली, हात पुढं केला, आणि तिला दिसलं की पोरीचं अंग लाकडासारखं झालं आहे, डोळे भिंतीवर गेले आहेत. मैनाबाई तिथंच थांबली. मग मागं सरकून उंबऱ्यावर बसली.

"मी जवळ येत न्हाई," ती म्हणाली. "अथीच बसतो."

मग मैनाबाईच बोलू लागली, उन्हाकडं बघत.

"माही लहान बहीण होती, भागीरथा. नवरा मारे तिले. माहेरी आली होती आठ दिस. त्या आठ दिसांत तिनं आपल्या बांगड्या, चोळीचे खण, सारं वाटून टाकलं. मले हिरव्या बांगड्या देल्ल्या. मले समजलं होतं व. पण मी इचारलं न्हाई. म्हटलं, इचारलं तं तिच्या डोक्यात येईन. तिच्या डोक्यात तं ते होतंच. तीस वर्स झाले. आता कोणाले इचाराले मी भेत न्हाई."

"तिला वाचवता आलं असतं असं वाटतं तुम्हाला?" चारुशीलानं विचारलं. वर्गात प्रश्न विचारावा तसा तिचा आवाज होता.

"काय माहीत. इचारलं असतं तं ती बोलली तं असती. एकटीनं तं गेली नसती." मग तिनं मान वळवली. "तुले कोनं मारलं?"

चारुशीलानं हात पुढं केला. ते वाकडं बोट. "दारात सापडलं," ती म्हणाली, आणि लगेच म्हणाली, "नाही. रूळ होता."

त्या दिवशी तेवढंच. तिला रडू आलं नाही, छाती हलकी झाली नाही. सांगितल्यावर बरं वाटतं म्हणतात, तसं काही तिला वाटलं नाही. उलट थकवा आला, गठ्ठे तपासून यायचा त्याहून जास्त.

*

मैनाबाईनं मात्र वेळ घालवला नाही. संध्याकाळ व्हायच्या आत सुताराला बोलावून पुढच्या खोलीची आतली कडी काढून घेतली. चारुशीला म्हणाली, "हे बरं नाही. भाडेकरूच्या खोलीला कडी नाही म्हणजे काय?"

"मंग मधल्या घरात झोप. तथी कडी हाय अन् मीही हाय."

चारुशीला मधल्या घरात झोपू लागली. काय दूर ठेवायचं, काय कुलपात ठेवायचं, ते मैनाबाईनं तिलाच विचारून घेतलं, आणि तिनंही सांगितलं, जसं कुणी प्रवासाच्या सामानाची यादी सांगावी. रमाला निरोप गेला. रमा धावत आली ती घड्याळ हातात घट्ट धरून, आणि घड्याळ तिनं मैनाबाईच्या देव्हाऱ्यात ठेवून दिलं. तिला चारुशीलाकडं बघवेना. तीन दिवस ती येऊन फक्त मैनाबाईला पोळ्या लाटू लागायची आणि जायची.

चौथ्या दिवशी चारुशीलाच म्हणाली, "तुला टायफॉइड होता तेव्हाचं सांगू?"

रमा लाटणं धरून थांबली.

"तू मेलीस तर मला काहीच वाटणार नाही, अशी मला भीती वाटली. म्हणून आले नाही."

रमाचा चेहरा लाल झाला. "आणि वाटलं असतं का?"

"माहीत नाही. अजूनही नाही."

रमानं पोळी लाटून पूर्ण केली. तव्यावर टाकली. मग ती म्हणाली, "बाई गं, हे तू मला त्याच वेळी सांगितलं असतंस ना, तर मी तुला आधी दोन शिव्या घातल्या असत्या आणि मग ये म्हटलं असतं. मरायला काय, मी मेले नव्हतेच." आणि ती रडायला लागली. चारुशीला बघत बसली. काय करावं ते तिला कळेना. मैनाबाई म्हणाली, "तवा करपून राहिला व," तेव्हा तिनं उठून पोळी उलटली.

गावातल्या गोवर्धन डॉक्टरांकडं तिघी मिळून गेल्या. डॉक्टर म्हातारे होते, धड बोलायचे नाहीत, पण त्यांनी वेड हा शब्द वापरला नाही. हा आजार आहे म्हणाले, याच्या नव्या गोळ्या निघाल्या आहेत, आणि नागपूरच्या एका डॉक्टरांना चिठ्ठी दिली. उन्हाळ्याच्या सुट्टीत रमाचा नवरा आणि रमा तिला दोनदा नागपूरला घेऊन गेले. गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं. झोप लागायची. जगावंसं वाटायचं असं नाही, पण ते दुसरं, गाडीत शेजारी येऊन बसलेलं, ते थोडं सरकून बसलं.

आणि तिनं सांगितलं. एकदम नाही. तूर निवडताना, पापड वाळत घालताना, मैनाबाई समोर आणि दोघींच्या मध्ये सूप. आज पेढ्याचं, मग आठ दिवसांनी कोठीच्या खोलीचं, कणग्यांच्या मागं उंदीर खुडबुडायचे त्याचं. मैनाबाई मध्ये फार बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "तुही काकू दार लावून घ्याची, ते तुले जास्त लागलं." चारुशीला तूर निवडायची थांबली. तिनं असा विचार कधी केला नव्हता.

जूनमध्ये ती शाळेत रुजू झाली. नकाशे पूर्वीसारखेच काढू लागली. वाईट दिवस येतच राहिले. कधी चारचार दिवस, कधी महिनाभर. तसा दिवस आला की मैनाबाई सकाळी चहा देताना विचारायची, "आज हाय काय ते?" आणि चारुशीला खरं सांगायची: आहे, किंवा थोडं आहे, किंवा नाही. दुधाचा भाव विचारावा तसं ते झालं होतं. दिवाळीला काकांचं पत्र आलं, ये म्हणून. तिनं उत्तर लिहिलं की मी येणार नाही. कारण लिहायला घेतलं, दोन ओळी लिहिल्या, मग तो कागद बाजूला ठेवून दुसऱ्या कागदावर फक्त "येणार नाही" एवढंच लिहून पाठवलं. त्यावर पत्र आलं नाही. चौसष्टच्या सुरुवातीला काका गेल्याचं कळलं तेव्हा तिसरा तास चालू होता. मुख्याध्यापिकांनी घरी जायला सांगितलं. ती म्हणाली, तास पुरा करते, आणि तिनं नद्यांची खोरी शिकवली. संध्याकाळी तिला फक्त भूक लागली होती.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात जानरावाच्या पोरीचं लग्न निघालं आणि मैनाबाई बोरगावकडं गेली. जाताना म्हणाली, "चार दिस. रमाबाई येऊन जाईन रोज." रमा येत होती, बसत होती, नकला करत होती. चार दिवसांचे आठ झाले. नवव्या दिवशी चारुशीलानं दूध उतू जाऊ दिलं, स्टोव्हवर आपटून वाटी चेपवली, आणि शाळेत एका मुलीवर ओरडली. सगळा वर्ग तिच्याकडं बघत राहिला. बाईंचा असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. तिनं त्या मुलीची माफी मागितली, पण छातीत काहीतरी ठोके देत होतं ते थांबेना. तिला वाटलं, आजार परत आला. घरी आल्यावर ती दाराकडं तोंड करून बसली.

दहाव्या दिवशी दुपारी मैनाबाई आली. डोक्यावर ज्वारीचं पोतडं, काखेत शेंगांची पिशवी, पाय धुळीनं पांढरे.

"किती दिवस लावलेत!" चारुशीला उठून उभी राहिली. "चार म्हणाला होतात. दहा झाले. एक निरोप धाडता येत नाही? मी काय समजायचं?"

मैनाबाईनं पोतडं खाली ठेवलं. कंबरेवर हात ठेवून ती तिच्याकडं बघत राहिली.

"जानरावले ताप होता. एसटीही भेटली न्हाई दोन दिस." मग म्हणाली, "रागावली काय व तू?"

"रागावलेच आहे," चारुशीला म्हणाली. "असं सांगून न पाळणं बरं नाही. मला त्रास होतो. जा, पाय धुवा आधी. सगळं घर पांढरं कराल."

मैनाबाई मोरीकडं गेली. चारुशीलानं पोतडं ओढून भिंतीशी लावलं, ते जड होतं, आणि भाकरीसाठी पीठ काढलं. दोघींना पुरेल इतकं आहे की नाही, ते तिनं डब्यात हात घालून बघितलं.